निषेध झाला, दार कधी उघडणार?

मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासासमोर २७ जून १९७८ रोजी आठ माणसे येऊन उभी राहिली. सैबेरियातल्या चेर्नोगोर्स्क या कोळशाच्या खाणींच्या गावाहून ती आली होती. वाश्चेन्को आणि च्मिखालोव अशी ही दोन कुटुंबे, पेंटेकोस्टल पंथाची. घरात जमून प्रार्थना करणे आणि मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवणे एवढाच त्यांचा गुन्हा. त्यापायी घरातल्या मोठ्यांनी तुरुंग पाहिला होता, मुले सरकारने काढून नेली होती. पहाऱ्यावरच्या सोव्हिएत शिपायांना चुकवून सात जण आत धावले. आठवा, वाश्चेन्कोंचा किशोरवयीन मुलगा, शिपायांच्या हाती सापडला आणि त्याला मारहाण झाली. मुलाचे काय झाले ते कळल्याशिवाय बाहेर पडायला आतले तयार होईनात.

ते जवळजवळ पाच वर्षे बाहेर पडले नाहीत. सुरुवातीला कचेरीतल्या बाकांवर, मग तळघरातल्या एका लहानशा खोलीत सात माणसांचा संसार चालला. अंगणात फिरायचे तर बाहेरच्या इमारतींतून पाळत. अमेरिकेलाही ही माणसे अवघड जागचे दुखणे वाटत होती. महासत्तांमध्ये शस्त्रकपातीची बोलणी चालू असताना सात खेडूत तळघरात बसलेले कोणाला परवडणार? १९८१ संपता संपता आई आणि थोरली मुलगी उपोषणाला बसल्या. मुलगी इतकी खालावली की तिला मॉस्कोच्या इस्पितळात हलवावे लागले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. क्षेपणास्त्रांपासून सगळे विषय निघाले, पण रेगन यांनी आग्रह धरला तो या कुटुंबांचा. त्यांना जाऊ द्या, आम्ही त्याचा डांगोरा पिटणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. एप्रिलमध्ये आत उरलेली माणसे तळघरातून निघाली आणि उन्हाळा संपायच्या आत दोन्ही कुटुंबे देशाबाहेर पडली. रेगन यांनी शब्द पाळला. सोव्हिएत राजवटीवर कडाडून टीका करणारा हा नेता या एका प्रकरणात गप्प राहिला.

दुसऱ्या देशात धर्मावरून माणसे चिरडली जातात तेव्हा आपल्या सरकारने काय केले, हे मोजायची पट्टी त्या तळघरातल्या खोलीत सापडते. खोलीतले माणूस बाहेर आले का? त्याच्या हातात कागद पडला का, त्याला राहायला जागा मिळाली का? परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने किती कडक शब्द वापरले, हा प्रश्न त्यानंतरचा. गेल्या पाऊणशे वर्षांत सरकारांनी या पट्टीवर किती कमाई केली हे पाहू लागले की निराशा होते, पण काही ठिकाणी मान ताठही होते.

सगळ्यात मोठी यंत्रणा उभी केली ती अमेरिकेने. १९९८ च्या ऑक्टोबरात बिल क्लिंटन यांनी आंतरराष्ट्रीय धार्मिक स्वातंत्र्य कायद्यावर सही केली. त्यानुसार परराष्ट्र खाते दरवर्षी देशोदेशीचा अहवाल काढते आणि सर्वांत वाईट वागणाऱ्यांची नावे ‘विशेष चिंतेचे देश’ या यादीत घालते. नाव आले की निर्बंध लागावेत अशी तरतूद आहे. त्याच कायद्यात राष्ट्रीय हिताचे कारण देऊन निर्बंध माफ करण्याची मुभाही आहे, आणि सगळा व्यवहार त्या मुभेतून चालतो. सौदी अरेबियाचे नाव २००४ मध्ये यादीत आले. इस्लामखेरीज दुसऱ्या कोणत्याही धर्माची उघड उपासना तिथे करता येत नव्हती. २००६ पासून सौदीला माफी मिळाली. उझबेकिस्तानात हजारो धार्मिक कैदी होते तेव्हा अफगाण युद्धासाठी अमेरिकेला तिथला खानाबादचा तळ हवा होता. २००५ मध्ये उझबेक सरकारने तो तळ रिकामा करायला लावला आणि २००६ मध्ये त्यांचे नाव यादीत चढले. नायजेरियाचे नाव २०२० मध्ये आले, २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांच्या भेटीच्या तोंडावर निघाले, २०२५ मध्ये पुन्हा आले. एवढ्या काळात बोको हरामच्या हल्ल्यांत तिथले ख्रिस्तीही मरत होते आणि मुसलमानही.

यादी अगदीच निरुपयोगी असते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. व्हिएतनामचे नाव २००४ मध्ये आले, पुढच्या वर्षी दोन्ही सरकारांत लेखी समझोता झाला, काही कैदी सुटले, बंद पडलेली प्रार्थनाघरे नोंदणी करून उघडली आणि जबरदस्तीने धर्म सोडायला लावण्यावर बंदी आली. २००६ मध्ये नाव निघाले. व्हिएतनामला तेव्हा जागतिक व्यापार संघटनेत शिरायचे होते आणि नेमके काय केले की नाव निघेल हे त्याला ठाऊक होते. मागणी ठरलेली, मुदत ठरलेली, बदल्यात मिळायचे तेही ठरलेले. जिथे हे तिन्ही नव्हते तिथे यादी नुसती दरवर्षी छापली गेली.

याच कायद्यातल्या एका कलमाने भारतालाही चटका दिला. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा मार्च २००५ मध्ये अमेरिकेने रद्द केला तो या कलमाखाली. केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होते. तरी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत या निर्णयाबद्दल नापसंती नोंदवली. २०१४ मध्ये मोदी पंतप्रधान झाले आणि त्याच सप्टेंबरात अमेरिकेत त्यांचे जंगी स्वागत झाले. २००५ चा निर्णय कोणाला योग्य वाटेल, कोणाला अयोग्य. पण २००२ च्या दंगलीत घर गमावलेल्या माणसाच्या पदरात व्हिसा नाकारल्याने काही पडले नाही, आणि दिल्यानेही नाही. त्याचा प्रश्न दोन राजधान्यांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

आणि आता तर यादी काढणाऱ्या देशाने आपले दारच लोटून घेतले आहे. धर्मामुळे छळ होतो म्हणून पळून आलेल्यांना वसवण्यात अमेरिका अनेक वर्षे सगळ्यांच्या पुढे होती. २०२५ च्या जानेवारीत निर्वासितांचा कार्यक्रम थांबवण्यात आला. आदल्या वर्षी सव्वा लाखाची मर्यादा होती, ती २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी ७,५०० वर आली. यादीत बोट दाखवायचे आणि त्या देशातून निसटलेला माणूस दाराशी आला की कडी लावायची, हे एकाच सरकारने करावे यासारखे दुसरे दुःख नाही.

व्यापाराचा दोर ओढला की काय होते, त्याचे दोन धडे आहेत. पहिला कडू. सोव्हिएत संघातून ज्यूंना बाहेर पडू दिले तरच व्यापारी सवलती मिळतील, असा जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्तीचा कायदा अमेरिकी संसदेने १९७४ च्या अखेरीस केला. हेतू चोख होता. पण चारचौघांत हात पिरगळल्यावर मॉस्को चिडले: १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते, १९७५ मध्ये सुमारे १३ हजारच. पुढे १९७९ मध्ये हा आकडा ५१ हजारांवर गेला आणि संबंध बिघडताच पुन्हा कोसळला. माणसे सौद्यातल्या नाण्यांसारखी कधी मोजून दिली गेली, कधी मुठीत दाबून ठेवली गेली.

दुसरा धडा पाकिस्तानातला. जून २००९. पंजाबातल्या एका गावाबाहेर बायका फालशाची फळे तोडत होत्या. कडक ऊन. आसिया बीबी पाणी घेऊन आली, पण ती ख्रिस्ती, तिच्या हाताने पाणी बाटले म्हणून काही जणींनी ते प्यायचे नाकारले. पाण्याला हात लावण्यावरून माणसाचा पाणउतारा करणे महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायला नको. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तो यासाठीच. इथे मात्र बाचाबाचीचे रूपांतर ईशनिंदेच्या आरोपात झाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पाच मुलांच्या घरातल्या या शेतमजूर बाईला फाशी सुनावली गेली. तिच्या बाजूने बोलणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. २ मार्चला अल्पसंख्याकमंत्री शाहबाज भट्टी यांचाही खून झाला.

जगभरातून निवेदने निघाली. आसिया बीबी तुरुंगातच होती. दरम्यान जानेवारी २०१४ पासून युरोपीय संघाने पाकिस्तानी मालाला मोठी करसवलत दिली. मानवी हक्क, कामगार हक्क, पर्यावरण आणि सुशासन यांविषयीचे २७ आंतरराष्ट्रीय करार पाळायचे, ही तिची अट. पाकिस्तानी कापडउद्योगाला युरोपची बाजारपेठ म्हणजे जीव की प्राण. धर्मस्वातंत्र्यासाठी नेमलेले संघाचे दूत यान फिगेल पाकिस्तानात गेले आणि त्यांनी ही सवलत व आसिया बीबीचे प्रकरण यांचा संबंध जोडून दाखवला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, तेव्हा रस्ते पेटले. त्या तापल्या वातावरणात न्यायाधीशांनी दाखवलेले धैर्य त्यांचे स्वतःचे होते, ते युरोपच्या खात्यात जमा करता येणार नाही. पण सुटकेनंतरही ती कित्येक महिने देशात अडकली होती. फेरविचाराची याचिका जानेवारी २०१९ मध्ये फेटाळली गेली आणि मे महिन्यात ती कॅनडात पोचली, कारण एक देश तिला घ्यायला तयार होता. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संसदेने या सवलतीचा फेरविचार करा, असा ठराव प्रचंड बहुमताने केला. त्यात फाशीच्या कोठडीत सात वर्षे काढलेल्या एका ख्रिस्ती दांपत्याचा उल्लेख होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात लाहोर उच्च न्यायालयाने त्या दोघांना सोडले.

संयुक्त राष्ट्रांच्या दालनात याहून वेगळे चित्र दिसते. ६ ऑक्टोबर २०२२, जिनिव्हा. शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांच्या स्थितीवर मानवाधिकार परिषदेत चर्चा घ्यावी एवढाच प्रस्ताव होता. चीनचा निषेध नव्हे, निर्बंध नव्हेत, नुसती चर्चा. बाजूने १७ मते पडली, विरोधात १९, तटस्थ ११. विरोध करणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती, उझबेकिस्तान. इस्लामच्या नावाने जगभर कळवळा व्यक्त करणाऱ्या सरकारांनी मशिदी पाडल्या जाण्याबद्दल आणि छावण्यांत कोंडलेल्या माणसांबद्दल बोलूसुद्धा दिले नाही. भारत तटस्थ राहिला. एखाद्या देशाविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा द्यायचा नाही, अशी आपली जुनी भूमिका आहे. शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हावा, असे दिल्लीने दुसऱ्या दिवशी सांगितले. ते आदल्या दिवशी मतातून सांगता आले असते.

या दालनात उजेड पाडला तो आफ्रिकेतल्या गांबियाने. नदीच्या दोन काठांवर पसरलेला चिंचोळा देश, लोकसंख्या जेमतेम पंचवीस लाखांच्या आसपास. त्याचे तेव्हाचे कायदामंत्री अबुबकर तांबादू यांनी रवांडाच्या वंशसंहाराच्या खटल्यांत अनेक वर्षे काम केले होते. २०१८ मध्ये ते बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावणीत गेले, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांच्या तोंडून जाळपोळ, बलात्कार, मुलांच्या हत्या ऐकल्या, आणि हे सगळे आपण रवांडात ऐकले आहे, हे त्यांना जाणवले. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. आँग सान सू ची यांना स्वतः उभे राहून बचाव करावा लागला. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश एकमताने दिले. त्या आदेशाने रोहिंग्या घरी परतले नाहीत, छावण्या आजही भरलेल्या आहेत. तरी आपल्या सीमेपासून हजारो मैलांवरच्या, ज्यांच्याकडून तेल मिळायचे नाही की मते, अशा माणसांसाठी एक गरीब देश न्यायालयाची पायरी चढला, याची किंमत कमी लेखता येत नाही.

चिकाटी किती लागते ते मुंबईला माहीत असायला हवे. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांच्या संस्थेने मानेकजी लिमजी हातारिया यांना इराणला धाडले. यझ्द आणि किरमानमधल्या जरथुश्त्र्यांची दैना तिथे त्यांनी पाहिली: घोड्यावर बसायचे नाही, उंच घर बांधायचे नाही, रंगीत कपडे घालायचे नाहीत, आणि वर जिझिया. हातारिया तिथेच राहिले. शिरगणती केली, शाळा काढल्या, पडकी अग्निमंदिरे दुरुस्त केली. शहाच्या दरबारात पोचायला त्यांनी तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीचा आधार घेतला. पारशी हे ब्रिटिश प्रजाजन असल्याने वकिलातीला त्यांचे ऐकणे भाग होते. अर्ज, भेटी, पुन्हा अर्ज. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने जिझिया रद्द केल्याचे फर्मान काढले. मधे अठ्ठावीस वर्षे गेली. एकाही सरकारने एवढा काळ एकाच मागणीचा पिच्छा पुरवल्याचे उदाहरण शोधावे लागेल. पुढे यझ्दकडून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्याच्या नाक्यांवर हॉटेले थाटली. मस्कापाव आणि चहा समोर ठेवणाऱ्या त्या माणसांच्या मागे हा इतिहास आहे.

भारत सरकारचा स्वतःचा हिशेब मांडायचा तर तिबेटपासून सुरुवात करावी लागते. मार्च १९५९ अखेर दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात उतरले आणि नेहरूंनी त्यांना आश्रय दिला. त्याच वर्षी मलाया आणि आयर्लंड यांनी तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. १९६५ मध्ये तसाच ठराव आला तेव्हा भारताने बाजूने मत दिले. मठ १९५९ मध्येही उद्ध्वस्त होत होते; मधे घडले ते चीनशी १९६२ चे युद्ध. मत पडखाऊ होते, पण आसरा पहिल्या दिवसापासून खरा होता. कर्नाटकात बैलकुप्पे इथे जंगल तोडून वसाहत उभी राहिली, आणि महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत नांदते आहे. तिबेटी संस्कृती आज जिवंत आहे ती या वस्त्यांमुळे.

बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर हिंदूंची घरे आणि देवळे फोडली गेली. भारताने काळजी व्यक्त केली, हिंदू संन्यासी चिन्मय कृष्ण दास यांच्या अटकेवर निवेदन काढले, डिसेंबरात परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री ढाक्याला जाऊन हा विषय बोलून आले. हे योग्यच झाले. शेजाऱ्याच्या घरात माणूस जळत असताना गप्प बसणे ही सभ्यता नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये मुर्शिदाबादच्या दंगलीनंतर ढाक्याने भारतातल्या मुसलमानांच्या सुरक्षेबद्दल तसेच निवेदन काढले. दिल्लीने ते फेटाळले आणि आधी स्वतःच्या अल्पसंख्याकांकडे बघा असे सुनावले. ही देवाणघेवाण वर्षानुवर्षे अशीच चालू राहील. जमावाने घर फोडले की गुन्हा नोंदतो, माणसे पकडली जातात, शिक्षा होते, असे आपण आपल्याकडच्या प्रकरणांत दाखवू शकलो, तर चितगावच्या हिंदूसाठी बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल. इथला मुसलमान आणि तिथला हिंदू यांची सुरक्षितता एकमेकांत अशी गुंतलेली आहे, हे भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने ओळखले होते. तो करार पुरता पाळला गेला नाही हे खरे. पण दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्याकांची जबाबदारी एकाच कागदावर सहीनिशी घेतली, हे त्यानंतर पुन्हा कधी जमलेले नाही.

दाराचा प्रश्न उरतोच. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना वाट करून दिली. छळ सोसून आलेल्या सिंधी-हिंदू कुटुंबाला नागरिकत्व मिळाले तर कोणालाही आनंदच व्हावा. पण पाकिस्तानात १९७४ पासून घटनेनेच गैरमुस्लिम ठरवलेला अहमदी यात नाही, आणि त्याच्या पंथाचे मूळ गाव कादियान तर आपल्या पंजाबात आहे. तालिबानच्या भीतीने पळालेला हजारा शिया नाही. म्यानमारचा रोहिंग्या नाही.

पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केल्यावर १५६० च्या दशकात गोव्यातल्या माणसांनी रातोरात आपले देव उचलले. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा पाण्यापलीकडे अंत्रुज महालात नेली. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या अमलात होता. मुसलमान सुलतानाच्या हद्दीत हिंदूंचे देव सुखरूप राहिले; प्रियोळ आणि कवळे इथे आज मराठी घरांतली माणसे कुलदैवताच्या दर्शनाला जातात ती त्यामुळे. झुवारी ओलांडताना त्यांना ‘तुम्ही कोणत्या धर्माचे’ असे विचारून परत पाठवले असते तर?

भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांकडे सरकार थेट बघते. बाकीचे दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीचे ओळखपत्र घेऊन फिरतात, आणि पोलीस चौकीत त्या पत्राला किती मान मिळेल याची खात्री नसते. २०१५ मध्ये काँग्रेसचे शशी थरूर, भाजपचे वरुण गांधी आणि बिजू जनता दलाचे रवींद्र कुमार जेना यांनी लोकसभेत निर्वासितांसाठी स्वतंत्र खासगी विधेयके मांडली होती. तीन पक्षांच्या तीन खासदारांना एकाच वर्षी ही गरज पटली होती. त्यातले एकही संमत झाले नाही. ती विधेयके पुन्हा बाहेर काढावीत, छळाचा पुरावा काय मानायचा, अर्ज कोणाकडे करायचा, निकाल किती दिवसांत लागायचा हे त्यात लिहावे, आणि अर्जातून धर्माचा रकाना वगळावा. तसे झाले तर उद्या लाहोरहून, काबूलहून किंवा ढाक्याहून पळून आलेला माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर त्याला निदान कोणत्या खिडकीसमोर उभे राहायचे ते कळेल.